द्विमान अंकन, संगणकातील

० व १ या दोनच चिन्हांनी सर्व संख्या मांडण्याची पद्धती. दशमान पद्धतीत अंकाचे स्थानमूल्य डावीकडे दहापटीने वाढत जाते, तर द्विमान पद्धतीत ते दुपटीने वाढते.

भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी प्रचारात आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होत व अमरावती, अकोला येथील कापसाच्या बाजारांतही रुपये, आणे व पै यांतच हिशेब चाले. आणा, चवली (२ आणे), पावली (४ आणे) आणि अधेली (८ आणे) यांपैकी प्रत्येकी एकच नाणे जवळ असले, तरी एकपासून पंधरा आण्यांपर्यंतची कोणतीही रक्कम देता येई आणि तीही एकाच प्रकारे. उदा., तेरा आणे म्हणजे अधेली, पावली व आणा. अधेलीपासून क्रमाने, नाणे असल्यास १ व नसल्यास ० लिहिले असता ११०१ ही तेराची द्विमान संख्या मिळते. बाजारात मात्र कोणी ती तशी लिहीत नसे.

यंत्राच्या बाबतीत कारण भौतिक आहे. विद्युत् मंडलाच्या दोन अवस्था एकमेकींपासून खात्रीने ओळखता येतात. दहा पातळ्या ठेवल्यास विद्युत् दाबातील अल्प चढउतारानेही सातचे आठ होण्याचा संभव असतो. अमेरिकेतील एनिॲक (१९४६) हा संगणक दशमान होता. त्यात एका दशमान अंकासाठी दहा द्विस्थिर मंडलांची साखळी लागे. तेवढ्याच मंडलांनी द्विमान पद्धतीत १,०२४ भिन्न संख्या दर्शविता येतात. शिवाय द्विमान गुणाकारास पाढे लागत नाहीत. जॉन फोन नॉयमान यांनी १९४५ च्या आपल्या अहवालात द्विमान अंकनाचाच पुरस्कार केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार होऊन १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक याच परंपरेतील होय. त्यातील शब्द ४० द्विमान अंकांचा असे. स्मृतीतील फेराइटाचे प्रत्येक कडे दोहोंपैकी एका दिशेने चुंबकित होऊन एक अंक राखी.

देशाचे चलन दशमान होत असतानाच येथील संगणक द्विमान झाला, हे मोठे विलक्षण. तेरा आणे, म्हणजे १३/१६ रुपया, ०·११०१ असा नेमका लिहिता येतो. उलट दहा पैशांचा १/१० रुपया द्विमानात ०·०००११००११... असा आवर्ती ठरतो व कोठेतरी तोडावा लागतो. अशा असंख्य रकमांच्या बेरजेत ताळा न जमण्याचा धोका असतो. म्हणून व्यापारी वापराच्या अनेक संगणकांत प्रत्येक दशमान अंकासाठी चार द्विमान अंकांचा स्वतंत्र संकेत योजण्यात आला. त्यात सोळांपैकी सहा संकेत वाया जात. रक्कम रुपयांऐवजी पूर्ण पैशांत मोजली असता ही अडचण मुळातच उद्भवत नाही.