मकबऱ्याचा डॅडो

आई बाथरूममध्ये दोनदा घसरली, तेव्हा कुठे मी जागा झालो. क्रांती चौकातल्या दुकानात छतापर्यंत टाइल्सचा हिशोब ऐकला आणि बजेट तिथेच कोसळलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, डॅडोपुरत्याच लावा की!"

अहो, आपला बीबी का मकबरा म्हणजे हेच तर! दिलरास बानू १६५७ मध्ये गेली. तिची ही कबर १६६०-६१ च्या सुमाराची. खर्चाची नोंद ६,६८,२०३ रुपये. ताजला तीन कोटींच्या वर लागले म्हणतात. मग अताउल्ला आणि हंसपतराय यांनी काय केलं? संगमरवर डॅडोपर्यंत आणि वर घुमटाला. मधे आपला काळा दगड, त्यावर घोटीव चुन्याचा गिलावा.

लोक 'गरिबांचा ताज' म्हणून हसतात. मला हे चोख इंजिनिअरिंग वाटतं. फक्त गिलावा झिजतो, पुन्हा दुरुस्त करावा लागतो. तो खर्चही धरायचा.

मी शॉवरपाशी सात फूट टाइल्स लावल्या, बाकी चार फूट, वर रंग. वाचलेले पैसे न घसरणाऱ्या फरशीला, पितळी नळांना आणि भिंतीतल्या स्टीलच्या दांड्याला. रंग अधूनमधून मारावा लागेल. असो. आई आता दांडा धरून एकटी उभी राहते.