सातबारा, निकाह आणि मूठभर माती

ऐंशीच्या दशकात मी अकोल्यात एका वकिलांकडे कारकून होतो. एका बाजारच्या दिवशी कोतूळकडचा एक माणूस सातबाऱ्याचा उतारा घेऊन आला. बाप वारल्यावर भावांनी वारस लावले होते, त्यात याचं नाव नव्हतं. भावांचं म्हणणं सरळ होतं. तू दीन सोडलास, चर्चमध्ये जाऊन पाणी घेतलंस, आता बापाच्या जमिनीत तुझं काय?

साहेब उतारा बघता बघताच म्हणाले, “1850चा कायदा आहे. जमीन मिळेल.”

मला नवल वाटलं. तलाठ्याच्या दप्तरातल्या भांडणाला कंपनी सरकारच्या काळातलं उत्तर! त्या कायद्याचा मी पुढे बरीच वर्षं नाद केला.

1850चा एकविसावा कायदा एका कलमाचा होता. धर्म सोडला किंवा जातीबाहेर टाकलं म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही, एवढंच त्यात होतं. हिंदू धर्मशास्त्रात पतिताला वाटा नव्हता आणि शरियतमध्येही दीन सोडणारा मुसलमान आप्ताचा वारस होत नसे. या दोन्ही नियमांवर कायद्यानं एका फटक्यात काट मारली. हे मिशनऱ्यांच्या सोयीसाठी चाललंय, अशी ओरड झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती.

मात्र कायद्याला भोकं होती. मुसलमान घरात मुलाला जन्मानं हक्क येत नाही, बाप गेल्यावरच तो वारस होतो. त्यामुळे रागावलेल्या बापानं जिवंतपणीच सगळं बाकीच्या मुलांना हिबा करून ताबा दिला, तर 1850चा कायदा कशाला लागू करणार? कोऱ्या पाटीला? शिवाय 1930 साली प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की हे संरक्षण धर्म बदलणाऱ्यापुरतंच, त्याच्या पुढच्या पिढ्यांना नाही. आमच्या माणसाचा बाप हिबा न करता गेला, हे त्याचं नशीब. की बापानं मुद्दामच केलं नसेल? हे मी त्याला कधी विचारलं नाही.

जमिनीचं असं होतं. लग्नाचं प्रकरण याहून अवघड होतं.

आमच्या तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या अंगाला उगवणारी मुळा पुढे राहुरीकडे जाते. त्या राहुरीत 1900 साली लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. नारायण वामन टिळक 1895च्या फेब्रुवारीत मुंबईला ख्रिस्ती झाले, तेव्हापासून मधली वर्षं या नवराबायकोचा संसार उसवलेला होता. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ते सांगायला नको. पण टिळकांच्या हाताशी तेव्हा एक कायदा होता, 1866चा. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने नांदायला येत नसेल, तर धर्मांतरित माणसाला कोर्टात जाता येई. कोर्ट त्या जोडीदाराला बोलावून विचारी, नकार आला तर वर्षभर थांबे, आणि मगच लग्न मोडे. टिळकांनी ती वाट धरली नाही, ते थांबले.

या कायद्यातून मुसलमान वगळलेले होते, कारण त्यांना गरजच नाही असं सरकारनं धरलं. नवऱ्यानं इस्लाम सोडला की निकाह त्याच क्षणी तुटला. न्यायाधीश नाही, विचारपूस नाही, वर्षाची मुदत नाही. आमच्या माणसाचंही तेच झालं होतं. त्यानं तलाक दिला नव्हता, बायकोनं मागितलाही नव्हता. तिच्या भावांनी मौलवींना विचारलं आणि तिला संगमनेरला माहेरी नेलं. थांबायला तिला कुणी अवधीच दिला नाही.

या नियमाची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली. बायकोनं इस्लाम सोडला तरी निकाह तुटत असे, आणि इंग्रजी कोर्टं ते मानत. हनफी पंथात छळणाऱ्या नवऱ्यापासून सुटायला बाईला जवळपास वाटच नव्हती. नवरा परागंदा झाला, तर त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत वाट बघायची! तेव्हा विशेषतः पंजाबात काही बायका मिशनचं दार ठोठावू लागल्या. त्यातल्या किती जणींना येशू हवा होता आणि किती जणींना फक्त सुटका, हे त्यांचं त्यांना ठाऊक. उलेमा मात्र हादरले. मौलाना अश्रफ अली थानवींनी मालिकी पंथाचा आधार घेऊन बाईला फारकत मागता येईल अशी कारणं मांडली. त्यातूनच 1939चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. चार वर्षं नवऱ्याचा पत्ता नाही, दोन वर्षं पोटगी नाही, छळ, अशा कारणांवरून बाईला कोर्टात जाता येऊ लागलं. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानं मागचं दार बंद केलं : बाईनं इस्लाम सोडला म्हणून निकाह आपोआप तुटणार नाही. म्हणजे मुसलमान बाईला फारकतीचा जो हक्क मिळाला, त्यात या धर्म सोडणाऱ्या अनाम बायकांचा वाटा आहे. त्यांचे आभार मात्र कुणीच मानले नाहीत, चर्चनं नाही आणि मशिदीनंही नाही.

नुसत्या श्रद्धेपायी गेलेलेही होते. अफगाणिस्तानात जन्मलेले, दिल्लीच्या मदरशात शिकलेले सुलतान मुहम्मद मुंबईत मिशनऱ्यांशी हिरिरीनं वाद घालत. पापी माणसाला मुक्ती कशी मिळणार, या प्रश्नात ते स्वतःच अडकले आणि 1903 साली मुंबईतच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नावात ‘पॉल’ आला. पुढचं आयुष्य लाहोरकडे गेलं, तिथल्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी शिकवलं. विद्वानाला निदान दुसरं गाव आणि दुसरी नोकरी मिळते. दोन एकर जिरायतवाल्यानं कुठे जायचं?

तर तो माणूस. साहेबांनी कायदा सांगितल्यावर त्याचं तोंड उजळेल असं मला वाटलं होतं. तो टोपीची घडी घालत बसला. मग म्हणाला, “साहेब, माँ थकलीय. मय्यत झाली तर मला मिट्टी देऊ देतील का? त्याचा कायदा आहे का?”

कबरीवर तीन मुठी माती टाकायची, त्याबद्दल तो विचारत होता. भावांनी आधीच सांगून ठेवलं होतं, कब्रस्तानच्या भिंतीबाहेर उभा राहा. आमचे साहेब कलमाचा आकडा कधी चुकत नसत. त्यांनी मला चहा सांगायला पाठवलं.

दावा लागला नाही. तलाठ्यापुढेच समझोता झाला आणि फेरफार झाला. अर्जात नाव कुठलं घालायचं, हे मी विचारलं. चर्चच्या दाखल्यावर त्याचं नाव वेगळं होतं.

“जुनंच घाला,” तो म्हणाला. “माँ त्याच नावानं हाक मारते.”