डासजन्य आजार प्रतिबंध व लोकजागृती (दिंडोरी तालुका)

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात डासजन्य आजारांचा प्रश्न साठवलेल्या पाण्याशी बांधलेला आहे. करंजवण, वाघाड, ओझरखेड, पालखेड ही धरणे याच तालुक्यातली. द्राक्षबागांमुळे त्यांत शेततळ्यांची भर पडली. मात्र डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास धरणात वाढत नाही. त्याला घरालगतचे स्थिर, बहुधा स्वच्छ पाणी पुरते: प्लास्टिकचा ड्रम, सिमेंटची टाकी, रांजण, टाकून दिलेले टायर, कूलर, फ्रिजमागचा ट्रे. हिवतापाचा अ‍ॅनोफिलीस कालवे, विहिरी व पावसाच्या डबक्यांत, तर हत्तीरोगाचा क्युलेक्स तुंबलेल्या गटारांत वाढतो. त्यामुळे ‘गटारे साफ केली’ एवढ्यावर डेंग्यू थांबत नाही.

एडिसची मादी अंडी पाण्यात न घालता ड्रमच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर चिकटवते. ती कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरतात आणि पाणी वर चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणूनच ड्रम नुसता ओतून पुन्हा भरण्यात अर्थ नसतो. आतली बाजू काथ्याने किंवा ब्रशने घासावी लागते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळण्यामागचे गणित हेच. हा डास फार लांब उडत नाही, पण शेजारच्या चारदोन घरांपर्यंत सहज पोहोचतो. म्हणून सगळ्या वस्तीने एकच वार ठरवला तरच उपयोग.

जिथे नळाला पाणी दिवसाआड येते तिथे भरलेला ड्रम ओतून द्या म्हटले तर बाई ऐकणार नाही, आणि तिचे चुकतेही नाही. अशा घरी पाणी कापडाने गाळून दुसऱ्या भांड्यात घेणे, ड्रम घासणे आणि तोंडाला घट्ट झाकण किंवा कापड बांधणे हा व्यवहार्य मार्ग आहे. रिकाम्या न करता येणाऱ्या टाक्यांत आरोग्य कर्मचारी ठरलेल्या मात्रेत टेमिफॉस हे अळीनाशक टाकतात; हौद व वापरात नसलेल्या विहिरींत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात. शौचालयाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधतात.

धुरळणीवरचा भरवसा मात्र अवाजवी आहे. केवडा-भुरी या द्राक्षरोगांसाठी बागेत सतत फवारणी करणाऱ्या गावाला धूर दिसला की काम झाले असे वाटणे स्वाभाविकच. पण धुराने फक्त उडते डास मरतात, अळ्यांना काही होत नाही.

द्राक्षांच्या ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीसाठी पेठ, सुरगाणा भागातून मजुरांच्या टोळ्या बागांवर येतात. तो डेंग्यूचाही हंगाम असतो. झोपड्यांपाशी ठेवलेले उघडे ड्रम आणि औषधाचे रिकामे डबे गावठाणातल्या घरभेटींतून सुटतात. बागायतदाराने लक्ष घातल्याखेरीज तिथे कोरडा दिवस पोहोचत नाही.

घरोघरच्या तपासणीत अळ्या सापडलेल्या घरांची टक्केवारी म्हणजे गृह निर्देशांक, तर दर १०० घरांमागे अळ्या असलेल्या भांड्यांची संख्या म्हणजे ब्रेटो निर्देशांक. हे आकडे ग्रामसभेत मांडले, तर कोणत्या गल्लीत काम उरले ते लोकांना कळते. महाराष्ट्रात जून हिवताप प्रतिरोध महिना, तर जुलै डेंग्यू प्रतिरोध महिना म्हणून पाळतात.

सातत्य सुटले की काय होते याचा अनुभव जुना आहे. १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने डीडीटीच्या बळावर हिवताप जवळजवळ आटोक्यात आणला; तरी १९७६ साली देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. चिकुनगुन्याची साथ १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत आली आणि दीर्घ खंडानंतर २००६ साली हा आजार राज्यात पुन्हा पसरला. एडिसच पसरवत असलेल्या झिकाचा राज्यातील पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी आढळला.

ताप आल्यास रक्ततपासणी लवकर करावी लागते: हिवतापासाठी रक्तनमुना, डेंग्यूसाठी पहिल्या पाचेक दिवसांत एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम चाचणी. डेंग्यूचा संशय असताना अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापावर पॅरासिटामॉल देतात. व्हायवॅक्स हिवतापात क्लोरोक्विनने ताप उतरतो, पण यकृतात दडलेले परजीवी मारण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. टोळी मधेच दुसऱ्या बागेवर गेली तर गोळ्या अर्ध्यावर राहतात. म्हणून गोळ्यांची मुदत मजुराबरोबर मुकादमालाही सांगून ठेवणे बरे.