पंचकुल्यातील पिओनी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी बागेविषयी चार शब्द लिहावेत, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा गुलाब किंवा शेवंती हा विषय घेणे शहाणपणाचे ठरले असते. डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्या प्रेरणेने १९६७ साली चंडीगडच्या सोळाव्या सेक्टरात उभी राहिलेली झाकीर हुसेन गुलाबबाग आपल्या शेजारी आहे, आणि शेवंतीचे हिवाळी प्रदर्शन पाहिले नाही असे कुटुंब आपल्या मंडळात क्वचितच असेल. तरीही आम्ही लिहिणार आहोत ते आमच्या अंगणात कधीच न उमललेल्या एका फुलाविषयी.

पिओनीस मराठीत नाव नाही. सह्याद्रीत ते उगवत नाही, तेव्हा नाव पडण्याचे कारणही नव्हते. पूर्ण उमललेले फूल तळहाताएवढे, काही जातींत त्याहूनही मोठे. रंग पांढरा, गुलाबी किंवा गडद लाल. पाकळ्यांची दाटी अशी की देठ भाराने वाकावा. वनस्पती मात्र कंदमुळांची. हिवाळ्यात जमिनीवर तिचा मागमूस उरत नाही आणि वसंतात तांबूस कोंब वर येतात.

या मुळाचा लौकिक फुलापेक्षा जुना आहे. ग्रीक पुराणकथांत देवांचा वैद्य पेऑन, त्याच्यावरून हे नाव पडले. हे मूळ रात्रीच खणावे, दिवसा खणताना सुतारपक्ष्याने पाहिले तर डोळ्यांस अपाय होतो, अशी त्या काळची समजूत थिओफ्रास्टसने नोंदवून ठेवली आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याने मिरगीच्या मुलाच्या गळ्यात हे मूळ बांधल्याचे लिहिले. हीच परंपरा युनानी वैद्यकातून आपल्या देशात आली. हकिमांचे ‘ऊदसलीब’ ते हेच.

चीनमध्ये मात्र मान फुलाला मिळाला. तेथील झुडुपवजा जातीस ‘मुदान’ म्हणतात, आणि लोयांग नगरीच्या मुदानांवर ओउयांग शिऊ या पंडिताने १०३४ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सम्राज्ञी वू हिने भर हिवाळ्यात सर्व फुलांना उमलण्याची आज्ञा केली, एकट्या मुदानाने ती मोडली, म्हणून तिला राजधानीतून लोयांगला हद्दपार केले, अशी आख्यायिका आहे. हद्दपारीच्या गावीच ती सर्वांत अधिक बहरली! युरोपात एकोणिसाव्या शतकात फ्रेंच माळ्यांनी चिनी जातींपासून शेकडो वाण केले. त्यांपैकी १८५१ सालचा पांढरा ‘फेस्टिव्हा मॅक्सिमा’ आजही विकला जातो.

एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. पिओनीची एक जात आपल्या हिमालयाचीच आहे. तिचे शास्त्रीय नाव पिओनिया इमोडी. हिमालयाचे प्राचीन ग्रीक नाव ‘इमोडस’, आणि ते आपल्या ‘हिमवत्’ शब्दावरून आले असे मानतात. अफगाणिस्तानापासून पश्चिम नेपाळपर्यंत, साधारण दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या रानांत ती पांढऱ्या एकेरी फुलांनी बहरते. काश्मिरात तिला ‘मामेख’ म्हणतात. आमच्या गच्चीवरून स्वच्छ दिवशी कसौलीचे दिवे दिसतात. ज्या डोंगरांच्या पोटात हे फूल राहते ते डोंगर डोळ्यांसमोर असताना ते अंगणात का येऊ नये, असे वाटणे स्वाभाविक होते.

पंचकुल्यास बदली होऊन आलो, त्या पहिल्याच ऑक्टोबरात पहाडातील एका रोपवाल्याकडून आम्ही चार कंद आणले. निशिगंधाच्या सवयीने ते चांगले चार इंच खोल पुरले. ही पहिली चूक. पिओनीच्या मुळावर गुलाबी डोळे असतात. त्यांच्यावर दोन इंचांहून अधिक माती चालत नाही, आणि आपल्यासारख्या उष्ण हवेत तर इंचभरच पुरे. अधिक खोल गेले तर पाने येतात, फूल येत नाही. फेब्रुवारीत कोंब आले, एप्रिलमध्ये एकाच रोपावर हरभऱ्याएवढी कळी धरली. तिच्यावर मुंग्या जमल्या म्हणून आम्ही त्या झटकीत बसलो. पुढे वाचनात आले की त्या कळीवरचा गोड रस पिण्यापुरत्याच येतात, अपाय करीत नाहीत. कळी उन्हाने वाळली आणि जुलैच्या पावसात तीन कंद कुजले.

उरलेला कंद उत्तरेकडील भिंतीशी कुंडीत ठेवला आणि पावसाळ्यात छपराखाली नेला. खरी अडचण थंडीची होती. डोळ्यांत फूल जागे होण्यासाठी या वनस्पतीस कित्येक आठवडे सलग, गोठणबिंदूच्या जरा वरची थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पाच-सहा अंशांपर्यंत उतरतात, परंतु धुके विरळताच दुपारी ऊन पडते आणि जमलेली थंडी वाया जाते. शेवंतीचे तसे नाही. ती रात्रीची लांबी मोजते, आणि लांब रात्री पुण्यातही येतात, पंचकुल्यातही. म्हणून महिनाभर आम्ही उभयतां रोज सायंकाळी कुंडीत बर्फाचे खडे घालीत असू. शेजारच्या पंजाबी वहिनींनी एकदा कुंपणावरून विचारले, “भाभीजी, पौधे को बर्फ क्यों खिलाते हो?” उत्तर सुचले नाही. पाने भरघोस आली, फूल नाही.

आणखी एक गोष्ट ग्रंथांतून कळली होती, ती आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. लावल्यावर फुलायला पिओनीस तीन वर्षे लागतात. जागा हलविली की ती रुसते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एका जागी राहू दिली तर मात्र पन्नास वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक, फुलत राहते. आणि आमच्या घरी दर तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येई. कुंडी उचलून नेता येते, या समाधानावर आम्ही ती बर्फाने जगवीत होतो.

तिसऱ्या वर्षी हुकूम आलाच. त्या ऑक्टोबरात कंद बाहेर काढला, त्याला पाच डोळे होते. कसौलीस आमचे एक मराठी स्नेही बंगली भाड्याने घेऊन राहत असत. त्यांच्या अंगणात, उताराच्या निचऱ्याच्या जमिनीत, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी तो लावला. यावेळी इंचभरच माती घातली. आम्ही पंचकुला सोडले. चौथ्या वर्षी मे महिन्यात त्यांचे पत्र आले: एक फूल, पांढरे.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही पंचकुल्यासच परतलो आणि येथेच घर बांधले. स्नेही मात्र पुण्यास गेले. कंद न्यायचा का, असे त्यांनी विचारले होते. आम्ही नको म्हटले. बंगलीत आता दुसरे कुटुंब आहे. दर मे महिन्यात आम्ही उभयतां वर जातो, फाटकाशी उभे राहून परवानगी मागतो, आणि ती मंडळी चहा देतात. यंदा सात फुले होती.