कर्वे
महाराष्ट्रातील चित्पावन ब्राह्मण समाजातील एक आडनाव. या आडनावाच्या अनेक व्यक्तींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून समाजसुधारणा, शिक्षण, कोशरचना, अर्थशास्त्र आणि मानवशास्त्र या क्षेत्रांत मोलाची कामगिरी केली. त्या सर्व एकाच कुटुंबातील नव्हत्या. तथापि सर्वाधिक ख्याती मिळाली ती कोकणातील मुरूड येथील कर्वे कुटुंबास.

या कुटुंबातील धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब (१८५८–१९६२) हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. या विवाहामुळे मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे अण्णासाहेबांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला व १९०० मध्ये तो पुण्याजवळील हिंगणे येथे नेला. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. विवाहानंतर आनंदीबाई हे नाव मिळालेल्या व ‘बाया’ म्हणून परिचित असलेल्या गोदूबाईंनी माझे पुराण हे आत्मचरित्र लिहिले. सुधारकाच्या संसाराची दुसरी बाजू त्यातून कळते.

अण्णासाहेबांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ (१८८२–१९५३) हेही गणिताचेच प्राध्यापक. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या प्रचारामुळे त्यांना १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले. त्यातील लेखनाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले व दंडही झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पत्नी मालतीबाई यांची त्यांना साथ होती. पित्याने स्त्रीच्या पुनर्विवाहाचा व शिक्षणाचा हक्क मांडला. पुत्राने तिचा स्वतःच्या शरीरावरील हक्क मांडला. पित्याच्या कार्याला त्याच्या हयातीतच राजमान्यता मिळाली, पुत्राच्या वाट्याला ती आली नाही.

अण्णासाहेबांचे दुसरे एक पुत्र दिनकर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नी इरावती (१९०५–७०) यांचा जन्म ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे करमरकर कुटुंबात झाला. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर त्यांनी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. युगान्त या ग्रंथास १९६८ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

कोशकार चिंतामण गणेश (१८९३–१९६०) यांनी यशवंत रामकृष्ण दाते यांच्यासमवेत महाराष्ट्र शब्दकोशाचे संपादन केले. अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रय गोपाळ (१८९८–१९६७) हे ग्रामोद्योग व लघुउद्योग यांविषयी १९५५ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते. ही समिती ‘कर्वे समिती’ या नावाने ओळखली जाते. पुढे ते भारतीय रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर झाले.

समान आडनावावरून निकटचे नाते वा समान विचार गृहीत धरता येत नाहीत, हे या नामावलीवरून दिसून येते. तसेच आनंदीबाई, मालतीबाई व इरावतीबाई यांना हे आडनाव विवाहाने प्राप्त झाले. त्यांच्या कार्याचा विचार केल्याशिवाय या आडनावाचा इतिहास पूर्ण होत नाही.