आजीबाईंना लिहिलेली पत्रे

बुलढाणा, खामगाव, मलकापूर या आपल्या गावांतली ख्रिस्ती मंडळी शंभर वर्षांहून जुनी आहे. लांबून पाहणाऱ्याला सारे ख्रिस्ती एकच वाटतात. जवळ गेले की कळते, कुणी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतो, तर कुणी म्हणतो, माणूस जाणता होऊन स्वतःच्या तोंडाने कबुली देईल तेव्हाच त्याने पाण्यात उतरावे. आम्हा मुसलमानांतही नमाजात हात छातीवर बांधावेत की नाभीखाली, यावर वाद आहेत. मतभेद राहणारच. खरा प्रश्न असा, की माझ्या मनाला पटलेले माझ्याच धर्मबंधूच्या मनाला पटले नाही, तर तो मला परका व्हावा का?

पहिल्या शतकात रोमच्या ख्रिस्ती मंडळीत हा तंटा जेवणावरून होता. काही जण सारे खात, काही फक्त भाजीपाला. संत पौलाने त्यांना समजावले, की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. अठराशे वर्षांनी हाच तंटा एका मराठी बाईच्या ताटापर्यंत आला.

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. 1882 मध्ये पतीचे निधन झालेले, सोबत लहानगी मनोरमा. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्यांना आसरा मिळाला आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रात आपल्या मराठी शब्दाने हाक मारीत : आजीबाई.

पण रमाबाईंनी धर्म स्वीकारला तो डोळे उघडे ठेवून. मांसाहार त्यांनी केला नाही. जेराल्डिनबाईंना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे रमाबाईंनी विचारले. त्रैक्याच्या सिद्धान्तावर दोघींची लांबलचक पत्रे झाली. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले, आता दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असा रमाबाईंचा बाणा. देवाचे ऐकायचे, मग माणसाने सांगितले म्हणून नव्हे, स्वतःच्या अंतःकरणाने ग्वाही दिली म्हणून. जेराल्डिनबाईंना हा अहंकार वाटला आणि तसे त्यांनी लिहिलेही.

दोघींचे कधी पूर्ण पटले, असे म्हणता येणार नाही. तरी आजीबाई हे नाते तुटले नाही. रमाबाईंची पत्रे जेराल्डिनबाईंनी जपून ठेवली. स्वतःला लागलेले शब्दही त्यांनी फाडून टाकले नाहीत. ज्याला शत्रू मानले त्याची पत्रे माणूस अशी जपत नाही. 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने हा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. त्या बाईंनी जपला नसता तर रमाबाईंची बाजू आज आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता आली नसती.

दोन माणसांना जमले ते संस्थांना जमते का? त्याचे उत्तर आपल्या विदर्भातच आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा ख्रिस्ती पंथ एकत्र येऊन उत्तर भारत चर्च स्थापन झाले. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्टही होते. बाप्तिस्म्याचा जुना वाद समोर होताच. त्यांनी कुणालाही हरवले नाही. बालकाचा बाप्तिस्मा आणि जाणत्याचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य केल्या. ज्या पाळकाच्या मनाला बालकाचा बाप्तिस्मा पटत नाही त्याच्यावर तो करण्याची सक्ती नाही. त्या कुटुंबासाठी दुसरा पाळक येतो. बाळाच्या आईबापाचे मनही राखले जाते आणि पाळकाचेही. सारे पंथ काही त्यात आले नाहीत. पण जे आले, त्यांनी एकमत होण्याची वाट पाहिली नाही.

मला या व्यवस्थेत मोठे शहाणपण दिसते. आपल्याकडे मशिदी, मंदिरे, विहार, सगळीकडे घरातलीच भांडणे अधिक कडवी असतात. परक्याला आपण सोडून देतो, आपल्याला सोडत नाही. त्याच्या मनातले देवाने पाहायचे असते. आपल्या वाट्याला येते ते एवढेच, की वाद झाल्यावरही त्याला पत्र लिहावे आणि पत्राच्या वर नेहमीचीच हाक असावी.