संघटनाकार्यासाठी पगारी वेळ (ब्रिटन)

मालकाने मान्य केलेल्या कामगार संघटनेच्या कर्मचारी-प्रतिनिधीस कामाच्या वेळेत संघटनाकार्यासाठी मिळणारी सवेतन मोकळीक. हा हक्क १९७५ च्या रोजगार संरक्षण कायद्याने दिला. पुढे तो १९९२ च्या एकत्रित कायद्यात समाविष्ट झाला. मालकाशी वाटाघाटी, शिस्तभंगाच्या सुनावणीत सहकाऱ्याची सोबत आणि त्यासंबंधीचे प्रशिक्षण यांसाठी वेतन मिळते; संघटनेच्या परिषदेला हजेरी लावण्यास मात्र वेळ मिळतो, वेतनाचा हक्क नाही (पहा : कामगार संघटना, सामूहिक सौदा). सरकारी सेवेत हा पगार करदात्याच्या पैशातून जातो, हे वादाचे मूळ. संघटनांनी तो वर्गणीतून द्यावा, असे विरोधक म्हणतात; तंटे लवकर मिटून खर्च वाचतो, असे समर्थक. टळलेल्या तंट्यांचा हिशेब मांडणे अर्थातच अवघड. २०१७ च्या नियमांनी ४९ हून अधिक कर्मचाऱ्यांच्या सार्वजनिक संस्थांना या सवेतन मोकळिकीवरील खर्च जाहीर करणे बंधनकारक केले.